राहून राहिली

तुझी बॅग आपण मानेवाड्याच्या रद्दीवाल्याच्या काट्याला
टांगून मोजली होती. तेवीस किलो तीनशे.
वरचे तीनशे ग्रॅम म्हणून चिवडा काढायचा की लाटणं,
यावर भांडलो. रद्दीवाला बिडी विझवून ऐकत होता.
शेवटी चप्पल निघाली. ती अजून दाराशीच आहे.

अकरा महिने, असं मिहानमधल्या तुझ्या साहेबानं लिहून दिलं.
लिंझ. मी आधी एकट्यानं नकाशात पाहिलं, मग
पॉलिटेक्निकच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवलं.
बोट ठेवलं की अख्खं गाव झाकून जात होतं.
लांजेवार काकू रोज विचारतात,
"मॅडम काहून गेल्या बाप्पा एवढ्या दूर?"
आणि उत्तर न ऐकता पाटवडीचा रस्सा देतात,
एकट्या माणसाला झेपेल त्याहून तिखट.

तू सांगते, कचऱ्याचे चार डबे आहेत.
रविवारी वॉशिंग मशीन लावायची नाही,
खालच्या म्हातारीची झोप मोडते.
नदी आहे, खरीखुरी. लोक पुलावर थांबून पाहतात तिच्याकडे.
(आपण नाग नदीच्या पुलावर काच वर करतो.)
देशी दुकानात तू सांबार मागितला,
त्यानं मसाल्याची पुडी दिली.
हिरवा, पानांचा, असं हातानं करून दाखवलं तू,
मग धनिया म्हणाली,
हरल्यासारखी.

नगरपालिकेच्या कागदावर एक रकाना होता:
मुक्काम कायमचा की तात्पुरता.
तात्पुरत्यावर फुली मारून तू मला फोटो पाठवला.
तुमच्यातला पुण्याचा आपटे तुला हसतो म्हणे,
"जेवून राहिले, येऊन राहिले,
तुम्ही लोक प्रत्येक कामात मुक्कामच ठोकता."
यावर मी दोन दिवस विचार करून राहिलो.
खरं आहे, आपल्याकडे कुठलंच काम नुसतं होत नाही.
सोनेगावच्या काचेपलीकडे, रांगेत,
पासपोर्ट दातात धरून तू जाऊन राहिली होती,
त्यातलं जाणं कुठे संपलं नि राहणं कुठे लागलं
मला दिसलं नाही,
मधे दुबईला निघालेलं एक वऱ्हाड आलं.

मार्च संपता संपता त्यांनी तिकडे घड्याळ पुढे केलं,
साडेचार तासांचे साडेतीन झाले.
कुणाला न विचारता, तिकीट न काढता
तू एक तास जवळ आली.
त्या दिवशी बुधवार बाजारातून
मी उगाच दोन माणसांची भाजी आणली.

आता इथे पंचेचाळीस.
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या,
उजवीकडची वाकडी बसली. तू धरायला नसली की ती अशीच बसते.
रात्री दोनला टाकी आटते, मोटर कोरडी ओरडते,
मी उठून चार बादल्या ओततो.
तुझ्याकडे तेव्हा साडेदहा.
एकदा नेमका तेव्हाच तुझा फोन आला. म्हणाली,
इथे इतकं शांत आहे की झोपच येत नाही,
फोन कूलरजवळ ठेव ना.
ठेवला. स्टुलावर, रुमाल घालून,
शिंतोड्यांपासून वीतभर लांब.
तो खडखडला, थरथरला, मधेच पाण्याची धार बदलली,
आणि लिंझच्या कुठल्याशा तिसऱ्या मजल्यावर
कानात वायर घालून, म्हातारीला कळू न देता
तू झोपली.
फोन मी कट केला नाही. पहाटे बॅटरीनं केला.

तेव्हापासून रोज.
जून सरला की कूलर बंद होईल,
जाईल गच्चीवर, ताडपत्रीखाली, नेहमीसारखा.
मग तुला काय ऐकवायचं, कळत नाही.
पंखा नवा आहे, आवाजच करत नाही.
तूच पसंत केला होता.