अजून थोडं

फॉर्मवर दोन रकाने असतात: दाता, रुग्ण.
दोन्हींत मी एकच नाव लिहिलं,
राजमल्लू नरसय्या येमूल, वय अठ्ठावन्न, विडी घरकुल.
नात्याच्या ओळीत आडवी रेघ.
धंदा विचारला तर म्हणाले, "टॉवेल."

पाच दिवस पोटाला सुया.
अनसूयाबाई थर्मासात बर्फ घालून आणायच्या,
वरून ओला पंचा, बाहेर त्रेचाळीस.
"हाडं आतून ठणकतात," ते म्हणाले,
"बंद कारखान्यात एकच माग
कुणी रात्रभर चालू ठेवल्यासारखी."
चांगलंय, मी म्हटलं, मज्जा कामावर आलीय.
खोटं नव्हतं ते.
पुरतं खरंही नव्हतं.

पहिल्या दिवशी साडेचार तास मशीन फिरलं.
एका हातातून रक्त निघालं, दुसऱ्यातून घरी गेलं.
हव्या होत्या किलोमागे वीस लाख पेशी.
मिळाल्या साडेतीन.

चाळीस वर्षं कांड्या भरलेली बाई,
कांडी तळहातावर तोलून सांगते सूत किती उरलंय.
पिशवीकडे पाहिलं तिनं,
माझ्याकडे नाही.
"इंका कोंचम," म्हणाली. अजून थोडं.

त्या गोळ्यांचे महिने जास्त झाले होते.
गेल्या वर्षीच पाठवायला हवं होतं कुणीतरी.
ह्याला फॉर्मवर रकाना नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून एक इंजेक्शन आहे, महाग.
मग हळू, जवळजवळ स्वतःशीच:
सकाळची मोजणी पाहून कालच ठरवायला हवं होतं.
पैसे कुठून आले, मी विचारलं नाही.
पाकिटावर एका साईझिंगचा शिक्का होता.

रात्री अकराला स्कूटी काढून गेले.
गल्लीत पाचव्या दिवसाचं पाणी आलेलं,
सगळे जागे, पिंपं, घागरी, एकमेकींत अडकलेल्या नळ्या,
कुणाची तरी मोटार उगाच कोरडी ओरडत होती.
त्या गोंधळात, बल्बखाली, बाजेवर
मी त्यांच्या पोटाची चिमूट धरली.
शेजारची पोरगी विचारत होती,
"मावशी, तुमच्याकडं कधी येतं पाणी?"

सकाळी मोजलं. काल सहा होते,
आज एक्केचाळीस.
नळी बदलून परत मोजलं.

ओठांना मुंग्या आल्या तेव्हा कॅल्शियम दिलं,
मशीनचा वेग उतरवला, दोन तास वाढवले.
थंडी वाजते म्हणाले, चादर आणली.
त्यांनी मोकळ्या बोटांनी काठ उलटून पाहिला.
"सोलापुरी नाही ही," म्हणाले, आणि पांघरली.

संध्याकाळी पिशवीत डाळिंबी रंग होता,
रंगाऱ्याच्या हौदात दुसऱ्या धुण्याला उतरतो तसा.
पंचवीस लाख. अनसूयाबाई काही बोलल्या नाहीत,
पदरानं पिशवीवरचं दव पुसायला पुढे झाल्या,
मी हात धरला.

महिन्यानं त्यांचंच त्यांना परत दिलं.
गोठवताना घातलेल्या औषधाचा
लसणासारखा वास खोलीभर.
काचेपलीकडून अनसूयाबाईंनी खुणेनं विचारलं,
चटणी कुणी दिली ह्यांना?
आणि खात्री करायला
स्वतःचाच डबा उघडून पाहिला.
त्यात नुसता मऊ भात होता.