चिमूट

ब्रनोला समुद्र नाही.
या देशालाच नाही. नकाशावर बोट कुठूनही निघो,
आधी दुसऱ्याची हद्द लागते, मग लाटा.
म्हणून मी तो तिसऱ्या मजल्यावर भरला,
दोनशे दहा लिटर, मीठ तोलून,
आणि खालचे वाव्रुश्का जिन्यात थांबवून म्हणाले,
माझ्या डोक्यावर किती टन ठेवलंत, एकदा सांगून टाका.

पहिलं वर्ष बरं गेलं.
जांभळं प्रवाळ नखाएवढं सरकलं.
मग ऑक्टोबरात दगडाला दाढी फुटली,
हिरवी, मऊ, प्रवाहात डुलणारी.
पाहुणे म्हणायचे, किती छान.

मी कवळ्या बनवते.
हत्यारं घरातच होती: ब्रश, वाकडी टोकं, चिमटे,
कुणाच्याच तोंडात न गेलेले.
रविवारी दगड बादलीत घेतला
आणि फटीफटीतून घासला, एखाद्या म्हाताऱ्या दाढेसारखा.
मंगळवार ते गुरुवार मी ओलोमोउत्सच्या प्रयोगशाळेत.
शुक्रवारी दार उघडलं,
दाढी जागेवर.

फॉस्फेट तपासलं.
नळीतलं पाणी निळं व्हायला हवं होतं. नाही झालं.
शून्य. परत शून्य.
चोरी रोज, आणि वही चोख.
फार उशिरा डोक्यात आलं:
पाण्यात उरतंच कुठे,
शेवाळ आधीच गिळून बसलेलं.
आता विचारायचं कुणाला?
ज्याच्या पोटात आहे, ते डुलतं.

नळाचं पाणी बंद केलं. दिवे दहा तासांवरून सहावर.
पाच टर्बो गोगलगाई आणल्या, हावरट,
पण एकदा उलथल्या की उलथल्या;
स्वतःचं घर पाठीवर असून
स्वतःला सरळ करता येत नाही त्यांना.
रात्री बाही वर करून मी एकेकीला पालथी करायचे.
खालच्या टाकीत शेवाळाचंच एक गुंतवळ सोडलं,
काट्याने काटा काढावा तसं,
रात्रभर त्याच्यावर दिवा. मूठमूठ उपटलं, फेकलं.
वरची दाढी थोडी मागे हटली,
आणि दर शुक्रवारी
परत तेवढीच.

त्या बुधवारी बर्फाने गाड्या अडल्या, मी लवकर परतले.
स्टुलावर चेन्येक उभा, वाव्रुश्कांचा नातू,
माझ्यामागे माशांना जेवण घालायला ठेवलेला,
नऊ वर्षांचा, जिभेचं टोक बाहेर.
एक चिमूट माशाला.
एक खेकड्याला, कारण तो लाजतो.
एक प्रवाळाला: याला तोंडं फार आहेत.
रोहलिकचा चुरा गोगलगाईंना, खिशातून.
आणि शेवटची चिमूट
कुणालाच नाही, नुसती पाण्याला.

मी जिन्यातच उभी राहिले, बुटांवरचं बर्फ वितळेपर्यंत.
अति झालं की काय होतं
ते दगडावर उगवलेलंच होतं.
पण एवढ्या प्रेमाने वाढलेलं
मी चार महिने ब्रशने खरवडत होते.

ओरडले नाही. चिमटा दिला त्याच्या हातात,
आणि माशांचं खाणं डबीत मोजून, दिवसाला एक डबी.
आता तो शेवाळ उपटतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो,
गणिताच्या वहीत मागल्या पानावर लिहितो:
चौदा ग्रॅम. अकरा. अकरा. सहा.
उलथलेल्या गोगलगाईला
माझ्याआधी त्याचा हात पोहोचतो.

मार्चमध्ये नळीतलं पाणी
अगदी किंचित निळं झालं.
पहिल्यांदाच काहीतरी उरलं होतं.

मागच्या दगडावर मात्र एक झुबका आहे अजून,
करंगळीएवढा.
हा राहिला, मी म्हटलं.
राहिला नाही, ठेवलाय, तो म्हणाला,
त्या उद्या काय खातील?