अर्धं दार

आई दुकानात शिरलीच नाही.
बाहेर उभी राहून म्हणाली,
परक्या घरची पेटी आणली
की त्या घरची भांडणंही येतात मागोमाग,
त्याच टेम्पोत, फुकटात.

दापसिमनीच्या त्या बोळात
पेट्यांवर पेट्या,
त्यांच्यावर दगडी जातं, त्यावर झोपलेलं मांजर.
मी टेप घेऊन गेले होते.
माझी भिंत एकशे दहा सेंटिमीटर,
खिडकीपासून गॅसच्या पाइपपर्यंत.
तेवढ्यात मावेल,
हिवाळ्याच्या दुलया पोटात घेईल,
आणि रात्री दिवा लावला की
सोलमध्ये मी नुसती भाड्याने राहत नाही
असं वाटायला लावेल, असं काहीतरी हवं होतं.

पंग आजोबांनी गोधडी बाजूला केली.
बांदाजी. कमरेइतकी उंच,
पुढच्या फळीचा वरचा अर्धा भागच काय तो उघडतो,
खालचा अर्धा गप्प.
"शंभर वर्षं," ते म्हणाले.
"साठ," बाहेरून आई.

मग ती आत आली.
चपला काढल्या, जणू कुणाच्या घरी आली.
बोटाच्या पेराने मागची फळी ठोकली,
कान लावला.
बिजागरीवर नख घासलं : ही नवी.
कडी उचलून पाहिली : ही जुनी, पण दुसऱ्या पेटीची.
गुडघ्यावर बसून पायाची भोकं मोजली,
खाली रुमाल पसरून एक बुक्की मारली,
रुमालावर पीठ पडलं नाही.
"किडा मेलाय," म्हणाली. "घ्यायला हरकत नाही."
आणि डोकं आत घालून
इतका वेळ वास घेत राहिली
की पंग आजोबा माझ्याकडे बघायला लागले.

बाहेर आली तेव्हा म्हणाली,
आमच्याकडे होती अशी. येचनला. सासूबाईंची.
एक माणूस हातगाडी घेऊन आला,
पेटीच्या बदल्यात तीन स्टीलची पातेली
आणि एक लाल प्लॅस्टिकचा टब देऊन गेला.
मी म्हटलं, फसवलं गं तुला.
"कुणी फसवलं?
पेटी घासायची म्हणजे तेल, चिंध्या, अख्खी दुपार.
टब गळला नाही कधी.
त्यातच न्हायलीस तू, चांगली मोठी होईपर्यंत.
जुनं ते सोनं असतं
तर आम्ही ते हसत हसत दाराबाहेर काढलं असतं का?"

मला उत्तर सुचेना.
तेवढ्यात तिला कोपऱ्यात ते दिसलं :
फॉर्मायकाचं कपाट, पिवळसर, सरकत्या काचा,
काचेवर बदकांची जोडी.
हप्त्या-हप्त्यांनी घेतलेलं आमचं, तसंच्या तसं,
जे बाबांनी घर बदलताना कचऱ्याजवळ ठेवलं होतं
आणि वर नगरपालिकेचा स्टिकर चिकटवला होता,
न्यायचे पैसे आपणच भरून.
चिठ्ठी होती : विंटेज.
खाली किंमत.
आईने चष्मा लावला. शून्यं मोजली. परत मोजली.
आणि एका दगडी उखळावर बसून
हसली, पोट धरून,
मांजर उठून निघून जाईपर्यंत.
"तरुण पोरं नेतात हल्ली," पंग आजोबा ओशाळून म्हणाले.
"न्या म्हणावं," आई डोळे पुसत म्हणाली,
"काच डावीकडची अडकते. साबण लावायला सांगा."

त्यानंतर घासाघीस तिनेच केली.
नवी बिजागरी, परकी कडी,
एकेकाचे पैसे भाजीवालीकडे कापावेत तसे कापले.
मी टेप खिशातून काढलाच नाही.

पेटी आली गुरुवारी. एकशे तेरा सेंटिमीटर.
आता ती पाइपासमोरून तीन सेंटिमीटर पुढे येते,
आणि रोज सकाळी माझ्या मांडीला लागते.

दुलया दुपारी भरायच्या असं ठरवून
मी चहा करायला गेले.
परत आले तर अर्धं दार उघडं,
आई जमिनीवर फतकल मारून,
बाजाराच्या प्लॅस्टिक पिशव्या
एकेक करून त्रिकोणी घडीत दुमडत,
आत तळाशी रचत होती,
ओळीने,
रेशमाच्या असाव्यात तशा.