चार घरांचं कोष्टक

प्रत्येक आजारी माणसामागे एक बरा माणूस शोधायचा,
त्याच वयाचा, त्याच गल्लीतला.
निमकर मॅडमनी प्रशिक्षणात एवढंच सांगितलं,
आणि हातात दिलं एक पॅड, दोन पेनं,
भाद्रपद-आश्विनाचं हातानं आखलेलं कॅलेंडर.

बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला,
डोंगर जिथे पत्र्यांखाली दिसेनासा होतो,
तिथे आजारी शोधणं सोपं होतं. डोळेच सांगत.
बरे शोधणं अवघड.
बरा माणूस दारात आडवा उभा राहतो:
मला काही झालेलंच नाही, ताई,
मग सत्तर प्रश्न मलाच का?
यादव वाळुंज तर म्हणाले, आधी बीपी बघा, मग बोलू.

कावीळ उशिरा उगवते.
आज पिवळ्या दिसणाऱ्या डोळ्यांनी
महिन्यामागचं पाणी प्यायलेलं असतं.
म्हणून मी विचारायची,
गौरी बसल्या तेव्हा कुठल्या नळाचं भरत होता?
विसर्जनाच्या आदल्या दिवशी वास होता का पाण्याला?
आजाऱ्याला सगळं आठवतं.
मंडळासमोरचं सरबत, कुणाच्या हातचं, किती वाजता,
सगळं त्यानं रात्ररात्र उलटून पाहिलेलं असतं.
बऱ्याला काही आठवत नाही.
मॅडम म्हणायच्या, ह्या विसरण्यालाही नाव आहे,
हिशेबात ते धरावं लागतं.

केस सतरा. रेश्मा खुडे, वय तेवीस, सहावा महिना.
उत्तरं तिच्या सासूनं दिली.
आहे आणि होती यांमध्ये ती अडखळत राहिली.
माझ्या फॉर्मला क्रियापदांशी देणंघेणं नव्हतं,
मी खुणा करत गेले.

जोडीला हवी होती तेवीसचीच, पोटुशी, त्याच नळावरची.
भिंतीला भिंत लागून सापडली
सविता जगधने.

ती इतर बऱ्यांसारखी निघाली नाही.
तिला आठवत होतं.
"गौरीच्या आधी मी इथं नव्हतेच.
सासवडला, भावाच्या मुलीचं बारसं. पंधरा दिवस राहिले.
जाताना रेश्माला म्हटलं, माझा नंबर तू घे,
उगाच वाया कशाला.
खूश झाली. रोजचे दोन हंडे जास्तीचे."
मग फॉर्मकडे बघत म्हणाली,
"हे कुठल्या प्रश्नाखाली येतं?"

कुठल्याच येत नव्हतं.
प्रश्न बत्तीस: वस्तीबाहेर राहिलात का? होय.
प्रश्न तेहतीस: किती दिवस? पंधरा.
शेऱ्याच्या रेघेवर पेन टेकवलं, उचललं.
तिथे एक ठिपका राहिला.

गल्लीत दोनशे बारा घरं,
मॅडमच्या कोष्टकात चार.
प्यायले आणि पडले. प्यायले आणि तगले.
प्यायले नाहीत तरी पडले. प्यायले नाहीत, तगले.
रेश्मा पहिल्या घरात गेली, सविता चौथ्या.
दोघींमधली भिंत गेली,
आता एक तिरकी रेघ.
गुणाकार केला, भागाकार केला,
साडेसहा पट असं उत्तर आलं.

त्या साडेसहावर पालिकेचा जेसीबी हलला.
गिरणीच्या कोपऱ्याला खणलं.
गटाराच्या पोटातून गेलेली नळी,
तिला रुपयाएवढं भोक.
दुपारपर्यंत नवा तुकडा बसला, पोरांनी टाळ्या पिटल्या.
वाळुंज म्हणाले, एवढ्यासाठी सत्तर प्रश्न?
हो, म्हटलं. एवढ्यासाठीच.

माघात पुन्हा गेले, पाठपुराव्याचा फॉर्म घेऊन.
सविताला मुलगी झालेली.
पहाटेचं पाणी आलं होतं. ती दोन हंडे लावत होती,
एक घरात नेला,
एक खुडेंच्या उंबऱ्याशी ठेवला.
आतून हात आला, हंडा आत गेला.
दोघी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

पॅड माझ्या पिशवीत होतं.
मी ते थोडा वेळ काढलं नाही.