रात्रपाळी

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहून द्या, म्हणाले.
दोन पानांत. फोटोला जागा सोडून.
मी कारकून माणूस, पण चाव्या माझ्याकडे असतात.

तर सुरुवात सोपी आहे:
लिस्बनचं पत्र, लाखेची मोहोर,
आणि मडगावची बोतिका बंद करून बाळ्ळीला आलेले
लिगोरिओ आताईद,
ज्यांना काजूच्या वासानं शिंका येत.

गुरांचा गोठा होता तो. चुना काढला, फळा टांगला,
भिंतीवर यीस्टची एक पेशी रंगवली, भोपळ्याएवढी.
पहिल्या वर्षी अकरा मुलं. सगळी भाटकारांची, पायांत बूट.
भट्टीवाल्याचं एक नाही.
मार्च-एप्रिलात त्यांना सवड कुठली?

शाणू वेळीप फाटी विकायला आला होता.
मोळी दारात टेकवली आणि म्हणाला,
त्या तिसऱ्या मडक्याचं बोलणं अजून संपलं नाही.
आताईदांनी काचेचा मापक नीरोत बुडवला.
खरंच. दोन रेघा बाकी.

परीक्षेला बसवलं मग त्याला.
प्रश्न पहिला: किण्वन पूर्ण झाल्याची लक्षणे लिहा.
शाणूला लिहिता येत नव्हतं.
मडक्याला कान लावून उकिडवा बसला पाऊण तास,
उठून म्हणाला, आता निजलं.
शून्य गुण, तांबड्या शाईत.
तो कागद आहे कपाटात.

पुढच्या चैत्रात मापक फुटला.
नवा बोटीनं आला ऑगस्टात,
काजूखाली तेव्हा नुसतं शेवाळ.
मधल्या नोंदी वहीत आहेत,
आताईदांच्या उजवीकडे कललेल्या अक्षरांत:
तिसरा दिवस. अजून कुजबुज.
चौथा दिवस, पहाट. फक्त श्वास.
निजलं. भट्टी पेटवा.
अख्ख्या हंगामात एक आकडा नाही.
आणि त्या सालच्या हुर्राकाचं नाव काढलं
की फातर्प्याचे म्हातारे अजून ओठ पुसतात.

फेरपरीक्षा झाल्याची नोंद नाही.
हजेरीपटात मात्र बावीस वर्षं, सगळ्यांच्या खाली,
शा. वेळीप, पहारेकरी, रात्रपाळी,
आणि निळा अंगठा.
रात्रच का, ते मला उशिरा कळलं.
दिवसा वर्गात पोरं फार ओरडायची.

राज्य बदललं. फळ्यावरची भाषा बदलली.
पेशीवरून दोनदा चुना फिरला, दोन्हीदा ती वर आली.
मग स्टीलच्या टाक्या आल्या, चकचकीत,
कान लावला तर आपलंच रक्त ऐकू येतं.

प्राचार्यांची यादी सोबत जोडली आहे, आठ नावं.
नववं घालायचं तर हुद्दा काय लिहू,
ते समितीनं कळवावं.

मागच्या खोलीत एक मडकं सापडलं परवा.
सगळं खरखरीत, पोटाशी एक जागा गुळगुळीत,
उकिडवं बसलं की कान येतो तिथं.
मी बसून पाहिलं. गुडघे बोलले.
आत पालीची दोन अंडी होती.

पानं दोन भरली.
फोटोची जागा सोडली आहे.