वेग अनियमित

डब्याच्या झाकणावर शिसपेन्सिलीनं दोनच शब्द:
शनिवार. वारा.
वर्ष नाही, संघ नाही, निकाल नाही.
झेन्सव्हिलच्या जुन्या बर्फखान्याच्या माळ्यावर
लाकडाच्या भुशात शंभरावर वर्षं निजलेला डबा
मार्चमध्ये माझ्या टेबलावर आला,
आणि झाकण उघडलं तर
कापूर.

नायट्रेटच्या फिल्ममध्ये कापूर असतो, हे मी शिकले होते;
पुस्तकाला वास नसतो.
ओहायोतल्या एका तळघरात, हातमोजे घालून,
मी क्षणभर आरतीचं तबक शोधलं.
जपून, वेन्डेल म्हणाला,
हे पेटलं तर पाण्याखालीही जळतं.

मला हा खेळ येत नाही.
झेल कळतो, धाव कळते,
बाद व्हायच्या इतक्या तऱ्हा कशाला, ते नाही.
तरी नखाएवढ्या चौकटी एकेक करून पुसल्या:
छातीवर झेड शिवलेले नऊ पगारी गडी,
आठवड्याला अकरा डॉलर, त्यातून बुटांचे कापून;
कुंपणावर कावळ्यांसारखी ओळीनं पोरं;
एका बाईची टोपी उडते
आणि ती टोपीकडे न बघता
मैदानाकडेच बघत राहते.

मग पडद्यावर तो उंच फटका.
लांबोडका एक गडी पाठमोरा धावत सुटतो
आणि धावता धावता संथ होतो,
गळाभर पाण्यातून चालल्यासारखा.
टाच उचलते. धूळ उठते.
धूळ खाली बसायचं विसरते.

वेग बिघडलाय, वेन्डेल म्हणाला.
सेकंदाला सोळा चौकटी, सगळीकडे सारख्या करून टाकू.
बटण आहे.

मेमध्ये आर्डिथ क्लिंगमन आल्या. वय अठ्ठ्याऐंशी,
कानात यंत्र, डब्यात गाजराचा केक.
यातले तुमचे आजोबा कोणते?
यात नाहीत, म्हणाल्या.
ऑगस्टचं बुटांचं दुकान होतं. कॅमेरा भाड्याचा.
आणि चौकटीच्या खालच्या कडेला बोट नेलं:
गवतावर एक सावली,
तीन काटक्या पायांवर पेटी, मागे हॅट,
आणि एक कोपर, गोल गोल.
दोन दिवस मी ती सावली
मळ समजून पुसत होते.

आइस्क्रीमचं भांडंही ते असंच फिरवायचे, आर्डिथबाई म्हणाल्या,
एक जर्मन गाणं पुटपुटत, सेकंदाला दोन फेरे.
जात्याला ओवी लागते तसं, मी मराठीतच बोलून गेले.
त्यांनी मान डोलावली,
यंत्रातून काय ऐकू आलं कोण जाणे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचं गणित उलटं:
हात घाई करतो, तेव्हा चित्र सावकाश चालतं.
तो गडी संथ झालाच नव्हता.
चेंडू वर गेला
आणि बुटांच्या दुकानदाराचं गाणं सुटलं.

चेंडूचं पुढे काय झालं, विचारू नका.
तो खाली येतो तिथंच फिल्मला मधासारखा फोड आलाय.
फोड सरतो तेव्हा सगळे बाकाकडे निघालेले,
टोप्या हातात.
झेल असेल.
किंवा वारा.

नोंदवहीत दोन रकाने असतात.
दोष: वेग अनियमित, अकरा सेकंद.
कारण:
वेन्डेल कोट घालून दाराशी थांबला होता.
मी लिहिलं, हात.
बटण दाबलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये
आर्डिथबाई पुतण्याच्या गाडीत बसल्या होत्या, काच खाली,
पुतण्या फोनवर कुणाशी तरी भांडत होता,
आणि मांडीवरच्या रिकाम्या डब्याच्या जरा वर
त्यांची उजवी मूठ
हवेत हळूहळू फिरत होती,
मग जरा जोरात.