हातचा

मंगळवार, साडेनऊ. बाहेर अजून रात्रच.
ट्रोम्सोत सूर्य हिवाळ्यात रजा टाकून जातो,
तो येईल तेव्हा येईल, बैठक वेळेवर सुरू होते.
मी इतिवृत्त लिहिते. माझं मत कुणी विचारत नाही,
ते बरंच आहे, ऐकायला मोकळी राहते.

खाट सात. आयलिफ, वय एकाहत्तर,
फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा.
उजवी बाजू गेली. आणि शब्द.

तूरुन म्हणते, उभा राहतोय,
आधार धरून बारा पावलं.
फिजिओथेरपीच्या रकान्यात: बारा.
वाचा-उपचारांचा ओड्डवार म्हणतो, घोट अजून चुकतो,
पाणी घट्ट करूनच द्या, बोलण्याचं मात्र
काही सांगता येत नाही.
डॉक्टर रॅग्नफ्रिड पडद्यावरच्या मेंदूला पेन टेकवते,
खाडीच्या नकाशात एखादं बेट दाखवावं तसं.
नगरपालिकेची बाई फोनवर विचारते,
घरी पायऱ्या किती?
सगळे एकमेकांकडे बघतात.
मी लिहिते: पायऱ्या, प्रश्नचिन्ह.

रकाना रकाना बरोबर,
बेरजेत माणूस कमी भरतो.
शाळेत माझं असंच व्हायचं,
हातचा मिळवायचा राहून जायचा.

रात्रपाळीची लेतेब्रहान दारातच उभी होती,
कोट घालून, एक डोळा बसच्या वेळेवर.
म्हणाली, तो रात्री मोजतो.
कूस बदलून देताना. एक, दोन, तीन, अगदी स्वच्छ.
मी तिग्रिन्यात मोजलं की हसतो.

ओड्डवारनं मान वर केली. कधीपासून?

पाच रात्री. लिहिलंय मी, रात्रीच्या वहीत.

रात्रीची वही दिवसा कुणी उघडत नाही
हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच आठवलं.
कुणीतरी कॉफीचा कप उगाच फिरवला.
तूरुन हळूच म्हणाली,
आणि मी पावलं एकटीच मोजत होते.

तिची बस गेली.

बुधवारी कॉरिडॉरमध्ये आयलिफच्या एका बाजूला तूरुन,
दुसऱ्या बाजूला ओड्डवार. तिघं मिळून मोजत होते,
चौदाला तो थांबला आणि एक सणसणीत शिवी हासडली,
तीही स्वच्छ. ओड्डवारनं ती आनंदानं नोंदवली.

मग मी, मला न विचारता, त्याला विचारलं:
घरी पायऱ्या?
त्यानं डोळे मिटले. एक, दोन.
नऊला थांबला.

बायको फोनवर म्हणाली, आठ.

इतिवृत्तात मी दोन्ही आकडे लिहिले,
आणि खाली: कुणीतरी जाऊन बघा.